तार गेली, कागद राहू द्या

(कार्यकर्ता अभ्यासवर्गातील भाषण)

साथींनो,

आपल्या अभ्यासवर्गांत आधी फळा-खडू होता, मग प्रोजेक्टर आला. प्रोजेक्टर तारेने बांधलेला, म्हणून बोलणाराही तारेजवळच उभा राही. आता टॅब्लेटवरचे चित्र तारेवाचून पडद्यावर जाते. हे साधन आम्ही वर्गात वापरतो. त्याचा उपयोग कुठे आणि धोका कुठे, एवढेच आज सांगायचे आहे.

प्रथम रीत. मार्ग मुख्यतः तीन. मिराकास्ट २०१२ साली आले. त्यात टॅब्लेट आणि पडद्याला लावलेला रिसीव्हर थेट जोडले जातात. राउटर वा इंटरनेट लागत नाही. लहान सभागृहात हे सोयीचे. मात्र सर्वच अँड्रॉइड टॅब्लेटांत ते नसते, म्हणून खरेदीपूर्वी पाहून घ्यावे. ॲपलच्या आयपॅडला मिराकास्ट चालत नाही. त्याला एअरप्ले लागते. तिसरे गुगलचे कास्ट. त्यात टॅब्लेट आणि रिसीव्हर सहसा एकाच वायफायवर असावे लागतात. शाळा-कचेऱ्यांतले वायफाय पुष्कळदा एका उपकरणाला दुसरे दिसू देत नाही आणि जोडणी अडते. तेव्हा एचडीएमआयची तार पिशवीत असलीच पाहिजे. शिवाय टॅब्लेटवर येईल ते सगळे सभेला दिसते. एखाद्या सभासदाच्या तक्रारीचा निरोप भर सभेत झळकू नये, म्हणून सूचना आधी बंद कराव्यात.

आता उपयोग. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १३२ प्रमाणे ‘कंटिन्युअस’ वर्गातील कामगाराचे काम १४ दिवसांच्या सरासरीने आठवड्याला ५४ तासांपेक्षा जास्त नसावे. हे नुसते ऐकून मनात ठसत नाही. आम्ही ड्यूटी रोस्टर पडद्यावर लावतो आणि टॅब्लेट शेवटच्या रांगेतल्या साथीच्या हाती देतो. तो बोटाने एकेका पाळीवर खूण करतो, सारा वर्ग बेरीज करतो: १४ दिवसांचे तास १०८ च्या आत की बाहेर? इटारसीला, सिकंदराबादला मराठी साथी हिंदी-तेलुगू साथींबरोबर बसतात. आकड्यांना दुभाषी लागत नाही. पोस्टातील साथींनीही आपल्या बीटचा नकाशा असाच लावावा आणि रोज ती बीट चालणाऱ्या पोस्टमननेच त्यावर रेघ ओढावी. टॅब्लेट पुढाऱ्याच्याच हातात राहिला, तर तार जाऊन वर्गाला काय मिळाले?

आता धोका. रेल्वेत पीएनएम १९५२ पासून आहे, केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी जेसीएम १९६६ पासून. वाटाघाटीच्या टेबलावर प्रशासनही पडदा लावू शकते. मंजूर पदे, रिक्त पदे, कामाचे मोजमाप यांचे तक्ते भराभर सरकतात. समोरचा आकडा उतरून घेईपर्यंत पुढचा येतो, आणि नंतर म्हटले जाते, ‘तुम्हाला दाखवले होते.’ साथींनो, दाखवले म्हणजे दिले असे होत नाही. तक्त्याची प्रत बैठकीपूर्वी मागा. ती मिळाली नाही, तर त्या आकड्यावर संमती देऊ नका आणि तशी नोंद इतिवृत्तात करून घ्या. आपल्या बाजूनेही जे पडद्यावर दाखवाल, ते सही-तारखेनिशी कागदावर द्या.

प्रत्येक शाखेने दोन कामे करावीत: पुढच्या वर्गात आपलेच रोस्टर किंवा बीट पडद्यावर लावावी, आणि पुढच्या बैठकीची प्रत आजच लेखी मागावी.

कामगार एकजुटीचा विजय असो!