वह्या वाटल्या, पुढे काय झाले?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने आम्हाला विषय दिला 'समाजकार्याचे मूल्यमापन'. शब्द जड आहे. आम्ही शाळा लवकर सोडून गिरणीत लागलेली माणसं. जे काय शिकलो ते पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून. तेव्हा जड शब्द बाजूला ठेवू आणि सरळ विचारू. दरवर्षी जयंतीला आपण वह्या वाटतो. वर्गणी काढून अभ्यासिका चालवतो. अहवालात छापतो की वह्या इतक्या, दिवस इतके, खर्च इतका. टाळ्या पडतात. पण पुढे काय झाले? ती वही भरली का? ते पोर दहावीला बसले का? हे अहवालात कुठेच नसते.

यंदा हा प्रश्न नुसता बोलण्यापुरता नाही. जमा पैसा कमानीला लावायचा की अभ्यासिका अजून एक वर्ष चालवायची, हे कमिटीला ठरवायचे आहे. मागच्या बैठकीत दोन्हीकडून आवाज चढले, सगळ्यांनी ऐकलेच असतील. अभ्यासिकेची बाजू घेणारे आम्हीच, पण "काय फायदा झाला ते दाखवा" म्हटल्यावर आमच्या हातात एक कागद नव्हता. त्या रात्री आम्हाला झोप आली नाही.

महाडचा दाखला घ्या. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव पास करून घेतला की, सरकारी पैशावर चालणारी तळी, विहिरी, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. समजा त्या साली कोणा साहेबाने अहवाल लिहिला असता, तर काय लिहिले असते? ठराव दोन, तळे एक, काम फत्ते! पण त्या तळ्याचे पाणी आपल्यापैकी कोणाच्या ओंजळीत आले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले, पाणी प्याले, तेव्हा दिसले की कागद आणि पाणी यांच्यामध्ये काय उभे आहे. लोकांना मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, त्याच साली नगरपालिकेने स्वतःचा ठराव फिरवला, आणि हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. ठराव ही एक गोष्ट, पाणी ही दुसरी. मधल्या पायऱ्या कोणी लिहून काढल्या नाहीत तर ठरावालाच पाणी समजायची चूक होते.

त्या मधल्या पायऱ्या लिहून काढणे, हेच आजकाल शिकलेले लोक मोठ्या नावाने शिकवतात. गिरणीतल्या माणसाला ते नवे नाही. कापसाची गाठ फुटते, पिंजण होते, पेळू होतो, सूत होते, मग मागावर कापड. धागा फार तुटायला लागला की जॉबर आधी कामगारावर ओरडतो. पण कापूस आखूड धाग्याचा असेल, खात्यात हवा कोरडी पडली असेल, तर कामगार काय करणार? एकेक पायरी तपासत मागे गेल्याशिवाय दोष कुठला ते कळत नाही. भगवंतांनीही दुःख आहे एवढे सांगून थांबले नाहीत; दुःखाला कारण आहे, ते कारण गेले की दुःख जाते आणि जाण्याचा मार्ग आहे, अशी साखळी मांडली. कालामांना तर सांगितले की परंपरेने आले, ग्रंथात आहे, मोठा माणूस म्हणाला, एवढ्याने मानू नका. यात विहार कमिटीचा अहवालही आला, असे आम्ही समजतो.

आता आपली साखळी मांडून बघू. आपण घालतो काय? वर्गणी, खोली, दिवे, शिकवणाऱ्या दोन पोरांचा वेळ. करतो काय? संध्याकाळी सहा ते आठ वर्ग. निघते काय? मुलं येऊन बसतात. आणि बदलावे काय? मूल शाळेतून गळू नये, आठवीनंतर उल्हासनगरच्या जीन्सच्या गाळ्यात धागे कापायला जाऊ नये. प्रत्येक दोन पायऱ्यांमध्ये एक 'जर' लपलेला आहे. मूल येईल, जर त्या वेळी घरचे सोडतील. मूल शिकेल, जर त्याला मुळाक्षरापासून अडलेले कोणी समजावील. मूल शाळेत टिकेल, जर घरात त्याच्या कमाईवाचून चूल पेटत असेल. हा शेवटचा 'जर' आपल्या अभ्यासिकेच्या हातातच नाही. तो मान्य केला पाहिजे, नाहीतर उगाच शिकवणाऱ्या पोरांना बोल लावू.

पहिल्या 'जर'चीच गंमत सांगतो. मुली येत नाहीत, मुलींना शिक्षणाची गोडी नाही, असे आम्हीच बैठकीत बोललो होतो. मग महिला मंडळातल्या एका मावशींनी विचारले, "अहो, सहाला नळाला पाणी येतं, ते भरतं कोण?" आम्ही गप्प. इतकी वर्षे अभ्यासिका चालवतो आणि घड्याळ आपल्या सोयीचे लावले.

प्रश्न कसा विचारावा, याचा धडा गिरणीच्या इतिहासातच आहे. 'गिरणीत अस्पृश्यांना काम मिळते का?' असे विचारले तर उत्तर होय. 'कोणत्या खात्यात मिळते?' असे विचारले की खरे बाहेर येते. विणाई खात्यात मजुरी बरी, पण तिथे आपल्या माणसाला मज्जाव. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि बाकीच्यांना विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न लावून धरला. तसेच 'अभ्यासिकेने समाज सुधारला का?' याला उत्तर नाही, भाषण आहे. 'गेल्या जूनला आठवीत असलेले आणि वर्गाला येणारे कोण, ते आज नववीत आहेत का, मुली किती, मुलगे किती, कोणत्या गल्लीतले?' याला उत्तर आहे, आणि ते चार रविवार फिरून मिळते.

पण एवढ्यानेही भागत नाही. येणारी मुलं पास झाली तर ती अभ्यासिकेमुळे, की मुळात हुशार तीच येतात म्हणून? याचे उत्तर गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने कसे शोधले ते ऐकण्यासारखे आहे. त्यांचा प्रश्न होता, गावातल्याच बाईला शिकवून घरोघरी पाठवले तर नवजात बाळांचे मरण कमी होईल का? १९९३ ते १९९५ त्यांनी आधी नुसते मोजले. मग ३९ गावांत काम सुरू केले, आणि ४७ गावांत हे काम न करता मोजणी चालू ठेवली. आधी हजार जन्मांमागे ६२ आणि ५८ बाळे पहिल्या महिन्यात दगावत. कामाच्या तिसऱ्या वर्षी ३९ गावांत आकडा साडेपंचवीसवर आला. बाकीच्या ४७ गावांत तो साठाच्या आसपासच राहिला. नुसती ३९ गावे मोजली असती तर कोणीही म्हणाला असता, रस्ता झाला, पीक बरे आले, म्हणून कमी झाले. १९९९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आले, आणि २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊ लागल्या, त्यामागे ही मोजणी आहे. आपल्या पोरीबाळींच्या घरी येणाऱ्या ताई अशा गडचिरोलीच्या खेड्यातून चालत आल्या म्हणायच्या.

आपल्याला ४७ गावे नकोत. एकाच गल्लीतली, एकाच इयत्तेतली, येणारी आणि न येणारी मुलं शेजारी शेजारी लिहिली तरी पुष्कळ दिसेल. पक्का पुरावा तो नव्हे, हेही बैठकीत सांगू. विचारायला मात्र आम्ही जाणार नाही. वर्गणी गोळा करणारा माणूस दारात उभा राहिला की लोक "सगळं छान" म्हणतात. महिला मंडळाच्या दोघी जातील, आधी परवानगी विचारतील, आणि ज्याचे पोर शाळेतून सुटले त्याचे नाव बाहेर निघणार नाही. गाळ्यात जाणाऱ्या पोराच्या आईला चारचौघांत लाजवणे हे समाजकार्य नव्हे.

वही विहाराच्या कपाटात ठेवली आहे. पहिल्या पानावर ती साखळी आम्ही 'जर'सकट लिहिली आहे. कोणाला अजून एखादा 'जर' सुचला तर खाली लिहावा. पुढच्या रविवारपासून सुरुवात, कमानीची बैठक त्यानंतर. उत्तर आमच्या विरुद्ध गेले तर कमानीला पहिली पावती आम्ही फाडू. आणि मुलींचा वर्ग उद्यापासून साडेसातला.

जयभीम.