सांध्यातील कॉन्ट्रास्ट तपासणी : रुग्णाने काय जाणावे?
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



अभिषेकाचा कलश उचलताना किंवा दुकानातील वरच्या फळीवरचा तागा काढताना खांद्यात कळ यावी, एक्स-रे निर्दोष निघावा आणि दुखणे मात्र हटू नये, असे समाजातील अनेक ज्येष्ठांच्या बाबतीत घडते. एक्स-रेत हाड दिसते. सांध्याच्या वाटीच्या कडेला पडलेली बारीक चीर दिसत नाही. अशा वेळी डॉक्टर 'आर्थ्रोग्राम' सुचवितात आणि नाव ऐकूनच पुष्कळजण धास्तावतात.

या तपासणीत त्वचा बधिर करून, एक्स-रे वा सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, बारीक सुईने सांध्यात कॉन्ट्रास्ट सोडतात. खांद्याला साधारण १० ते १५ मि.लि. पुरते. ते चिरेत शिरते आणि चीर चित्रात उमटते. एमआरआयसाठी ते गॅडोलिनियमयुक्त, तर सीटीसाठी आयोडीनयुक्त असते. शरीरात शोषले जाण्यापूर्वी चित्रे घ्यावयाची असल्याने सुईनंतर विलंब करीत नाहीत. गुडघ्यासाठी बहुधा साधा एमआरआय पुरतो. तेव्हा सुईची खरोखर आवश्यकता आहे काय, असे विचारणे उद्धटपणाचे नव्हे.

हे द्रव्य प्राणिजन्य आहे काय, अशी शंका आपल्याकडे हमखास निघते. ही दोन्ही कृत्रिम रसायने आहेत. उपवासाचे म्हणाल, तर या तपासणीसाठी बहुधा उपाशी राहावे लागत नाही; उलट चौविहार उपवासात सुई टोचताना घेरी येऊ शकते. तारीख पारण्यानंतरची घ्यावी, हे उत्तम.

खरा धोका लपविण्यात आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्याचे कित्येकजण सांगत नाहीत, तर काही आपल्याच मनाने ती बंद करतात. दुसरी चूक पहिलीहून भयंकर, कारण त्याने पक्षाघात वा हृदयविकाराचा झटका ओढवू शकतो. पूर्वी कॉन्ट्रास्टने अंगावर गांधी उठणे, मूत्रपिंडाचा विकार, पेसमेकर, गर्भारपण, सांध्यावरील त्वचेचा जंतुसंसर्ग, हे सारे आधीच सांगावे.

तपासणीनंतर सांधा एक-दोन दिवस भरल्यासारखा वाटतो, ठणकतोही. त्या दिवशी वाहन चालवू नये, ओझे उचलू नये. मात्र दुखणे वाढत जाऊन ताप, लाली वा सूज आली, तर सांध्यात जंतुसंसर्ग झाला असण्याची शक्यता असते. तो क्वचित होतो, पण थोड्या दिवसांत कूर्चा खाऊन टाकतो. पर्युषण असो वा घरचे लग्न, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.