कृष्णविवर आणि भोवतालचे विश्व



कृष्णविवर म्हटले की सारे गिळून टाकणारा राक्षस डोळ्यांसमोर उभा राहतो. ही समजूत अर्धीच खरी आहे. विवराच्या सीमेपलीकडे गेलेला प्रकाशही परतत नाही, हे खरे; परंतु त्याकडे ओढला जाणारा सर्वच वायू आत जात नाही. तो भोवऱ्यातील पाण्याप्रमाणे विवराभोवती फिरतो, घर्षणाने प्रचंड तापतो आणि त्यातील काही भाग चुंबकीय बलांमुळे दोन विरुद्ध दिशांना, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने, झोतांच्या रूपाने बाहेर फेकला जातो.

या झोतांचा प्रताप कोठवर पोहोचतो? भुजंगधारी तारकासमूहाच्या दिशेने, सुमारे ३९ कोटी प्रकाशवर्षे अंतरावर, दीर्घिकांचा एक मोठा समुदाय आहे. त्या दीर्घिकांमधील अवकाश अतितप्त वायूने भरलेले आहे. ‘चंद्रा’ या क्ष-किरण दुर्बिणीच्या निरीक्षणांत या वायूला एक वक्र कड असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ही एखाद्या पोकळीची कड असेल काय, अशी शंका संशोधकांनी घेतली आणि सोडूनही दिली. कारण तेवढी पोकळी कोरण्यास लागणारी ऊर्जा त्यांना अशक्यप्राय वाटली. २०२० मध्ये मात्र ती पोकळी रेडिओ लहरी सोडणाऱ्या कणांनी भरलेली असल्याचे सिद्ध झाले. आपल्या आकाशगंगेसारख्या पंधरा दीर्घिका ओळीने मावतील, एवढी ती मोठी आहे!

हा पुरावा देणाऱ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक ऑस्ट्रेलियातील. दुसरी आपल्या पुणे जिल्ह्यातील, जुन्नर तालुक्यात खोडद येथील. तिच्या ३० तबकड्या असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. तेथे कृत्रिम रेडिओ लहरींचा गोंगाट कमी, म्हणून ती जागा निवडली गेली. ३९ कोटी वर्षे प्रवास करून आलेली क्षीण लहर शेजारच्या एखाद्या सदोष विद्युत उपकरणामुळेही झाकोळते, हे त्या परिसरातील पंचायतींनी ध्यानी ठेवण्यासारखे आहे.

या उलथापालथीचा परिणाम ताऱ्यांच्या जन्मावर होतो. वायू थंड झाला, आकुंचन पावला, तरच तारे घडतात. झोत त्याला तापवीत राहतात आणि नवे तारे घडणे मंदावते. विवराला मिळणारे खाद्यही त्यामुळे आटते. भुजंगधारीतील त्या विवरातून सध्या झोत निघत असल्याचा पुरावा आढळलेला नाही; तेथील दाट, थंड वायू मध्यवर्ती दीर्घिकेपासून काहीसा सरकला आहे. विवराचा घासच तूर्त दूर गेला आहे.