पटावर नाव आहे, विद्या आहे काय?



१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे गाऱ्हाणे मांडले की, वसूल रयतेच्या घामाचा, पण विद्येचा लाभ वरिष्ठ वर्गांस! १९१७ साली शाहू छत्रपतींनी करवीर राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठविणाऱ्या आईबापांस दरमहा एक रुपया दंड ठेवला. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस तो हक्क देशभर मिळाला.

पण पटावर नाव चढले म्हणजे विद्या आली काय? आज रात्री लेकीपुढे, लेकापुढे सातबारा किंवा कर्जाचा कागद ठेवा व वाचावयास सांगा. मूल अडखळले तर मास्तरांस जाऊन विचारा. न वाचता केलेली सही आम्ही अंगठाच समजतो.