डॅन्यूबकाठचे दूधभाऊ



शेजारी निवडून घेतां येत नाहीं, हें चाळींत संसार केलेल्यांस सांगावयास नको. राष्ट्रांना मात्र हा धडा फार महागांत शिकावा लागतो. दोन महायुद्धांच्या दरम्यान हंगेरींतील कांहीं लेखकांनीं तो आपल्या देशबांधवांना वेळींच शिकविण्याची धडपड केली. त्यांची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें.

४ जून १९२० रोजीं झालेल्या त्रिआनोंच्या तहानें हंगेरीचा सुमारें दोन-तृतीयांश मुलूख गेला. तीस लाखांहून अधिक हंगेरियन लोक परक्या राज्यांत राहिले. रुमानिया, चेकोस्लोव्हाकिया आणि युगोस्लाव्हिया यांनीं हंगेरीविरुद्ध आपसांत करार केले. इकडे हंगेरींतील शाळांतून मुलांकडून मायभूमीच्या पुनरुत्थानाची प्रार्थना रोज म्हणवून घेण्यांत येऊं लागली. मी सारा जन्म शाळेंत घालविला. लहानपणीं घोकलेलें किती खोल रुजतें, हें मला ठाऊक आहे.

अशा वातावरणांत वेगळें बोलणें सोपें नव्हतें. ऑस्कार यासी हा समाजशास्त्रज्ञ १९१८ सालीं मंत्री होता. डॅन्यूबकाठच्या राष्ट्रांनीं स्वित्झर्लंडच्या धर्तीवर एक संघराज्य करावें, असें त्याचें म्हणणें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत आराद येथें तो रुमानियन पुढाऱ्यांशीं बोलला. पण फार उशीर झाला होता. पुढें तो परागंदा झाला व अमेरिकेंत अध्यापक म्हणून राहिला.

लास्लो नेमेत यानें १९३२ सालीं ‘साक्षी’ या अर्थाच्या नांवाचें नियतकालिक एकट्यानें लिहून काढावयास आरंभ केला. त्याच्या मतें पूर्व युरोपांतील हे सारे लोक दूधभाऊ. एकाच दुःखाच्या दुधावर वाढलेले, पण पॅरिसची बित्तंबातमी ठेवून एकमेकांची विचारपूसहि न करणारे. आधीं शेजाऱ्याची भाषा शिका, त्याचें वाङ्मय वाचा, हा त्याचा आग्रह. संगीतकार बेला बार्टोक यानें हंगेरियन, स्लोव्हाक व रुमानियन लोकगीतें गोळा करून त्यांतील देवाणघेवाण दाखवून दिलीच होती. त्याबद्दल १९२० मध्यें वृत्तपत्रांतून त्याच्या देशाभिमानावर शंका घेण्यांत आली. कवि अत्तिला योझेफ याच्या १९३६ च्या डॅन्यूबवरील कवितेंत तर जेते आणि जित दोघेहि कवीच्या एकाच रक्तांत नांदतात.

शेजाऱ्यांनीं यांचें कां ऐकलें नाहीं? सहकाराच्या गोड शब्दांआड गेलेला मुलूख परत मिळविण्याचा हेतु आहे, असा त्यांना संशय येई; आणि हंगेरीच्या सरकारचें धोरण पाहतां तो निराधार नव्हता. डिसेंबर १९४० मध्यें हंगेरीनें युगोस्लाव्हियाशीं चिरमैत्रीचा करार केला. चार महिनेहि लोटले नाहींत, तोंच जर्मनांबरोबर त्याच शेजाऱ्यावर चालून जाण्याचें घाटूं लागलें. तेव्हां ३ एप्रिल १९४१ रोजीं पंतप्रधान पाल तेलेकी यानें स्वतःवर गोळी झाडून घेतली. सैन्य तरीहि गेलें.

२००४ सालीं हंगेरी व स्लोव्हाकिया आणि २००७ सालीं रुमानिया युरोपीय संघांत सामील झाले. २०२५ च्या आरंभीं हंगेरी-रुमानिया सीमेवरील तपासणीहि उठली. यासीचें मागणें अशा रीतीनें अंशतः पदरांत पडलें. नेमेतचें मागणें मात्र कोणत्याहि तहानें पुरें होणारें नाहीं. तें घरोघरीं आणि शाळेच्या बाकावर, शेजाऱ्याची अक्षरें गिरवूनच व्हावयाचें आहे.