ध्येय ठरवायचं, पण कसं?
(माजी विद्यार्थी स्नेहसंमेलनातील मनोगत)

ध्येयाबद्दल बोलण्याचा अधिकार खरं तर समोर बसलेल्या सर-बाईंचा. पण सॉफ्टवेअरच्या नोकरीत गेली वीस वर्षं दर तीन महिन्यांनी ध्येयं लिहून द्यावी लागत असल्यामुळे मला त्याचा सराव भरपूर झाला आहे. तेवढ्याच जोरावर चार शब्द बोलते.

आमच्याकडे प्रामुख्याने तीन पद्धती चालतात. पहिली 'स्मार्ट', जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये मांडलेली. ध्येय नेमकं, मोजता येणारं, आवाक्यातलं हवं. ते कोण करणार आणि कधीपर्यंत, हेही ठरलेलं हवं. 'वजन कमी करीन' असं म्हणायचं नाही, 'दिवाळीपर्यंत चार किलो' म्हणायचं. दुसरी 'ओकेआर'. इंटेलमध्ये अँडी ग्रोव्ह यांनी ती रुजवली आणि १९९९ मध्ये जॉन डोअर यांनी गूगलला शिकवली. एक मोठं उद्दिष्ट आणि त्याखाली ते साधलं की नाही हे दाखवणारे तीन-चार आकडे. तिसरी 'अजाइल'. साधारण दोन आठवड्यांचं काम ठरवायचं, करून बघायचं आणि त्यावरून पुढचं ठरवायचं.

नावं नवी असली तरी रीत वसईकरांना परकी नाही. चिमाजी अप्पांची मोहीम १७३७ मध्ये सुरू झाली. ठाणे हाती आलं, पण वसईवरचे सुरुवातीचे हल्ले फसले. पुढे १७३९ च्या जानेवारीत माहीम आणि तारापूर घेतलं, मग वसईला वेढा पडला, तटाखाली सुरुंग लावले गेले आणि मे महिन्यात किल्ला शरण आला. ध्येय तेच राहिलं, वाट मात्र अनुभवानुसार बदलली.

पण प्रत्येक ध्येय किल्ल्यासारखं एका दिवशी सर होत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी उभे राहिले. झाडं आणि गोडं पाणी राखण्याच्या कामाला शेवटची तारीख कशी लावणार? ते रोज करत राहायचं काम.

हा फरक मला घरात कळला. माझ्या बाबांना पक्षाघात झाला, त्याच तिमाहीत कंपनीत वरच्या पदासाठी माझं नाव पुढे आलं होतं. मी दोन्ही गोष्टी एका कागदावर लिहून काढल्या. पदासाठी आकडे आणि तारखा लिहिता येत होत्या. बाबांपुढे 'तीन महिन्यांत चालायला लागणे' असं लिहिलं असतं, तर ते बिचारे रोज नापास झाले असते. म्हणून लिहिलं, 'संध्याकाळी सातच्या आत घरी, बाबांबरोबर अंगणात एक फेरी.' विरारची गर्दी ज्यांना ठाऊक आहे त्यांना सातच्या आत म्हणजे काय ते सांगायला नको! पदासाठीचं नाव मी मागे घेतलं. बाबा आता काठी टेकत नाक्यापर्यंत जातात. ते पद मला अजूनही हवं आहे. पुढच्या वर्षीच्या कागदावर ते तारखेसकट लिहिलेलं आहे.

माझ्या मैत्रिणींना एक सांगायचंय. 'मुलांची बारावी होऊ दे, सासूबाईंचं ऑपरेशन होऊ दे, मग बघू' असं म्हणत आपण स्वतःचं काम मागे ढकलतो. अर्धवट राहिलेलं एम.ए., स्वतःचा छोटा व्यवसाय, पोहायला शिकणं. अशा कामांना तारीख द्या, आकडा द्या आणि घरातल्या सगळ्यांना ती तारीख सांगून ठेवा. आणि जे दुसऱ्याच्या तब्येतीवर, मनावर किंवा वयावर अवलंबून आहे, म्हणजे मुलांचा अभ्यास, आईबाबांचं आजारपण, तिथे आकड्याचा हट्ट सोडा. आपल्या हातात आहे ते रोजचं एक छोटं काम ठरवा.

गुरुजनहो, आमच्या गुणपत्रिकांवर तुम्ही आकडे लिहिलेत, तसं रोज फळ्यासमोर उभं राहून न मोजता येणारंही पुष्कळ दिलंत. त्याबद्दल मनापासून ऋण व्यक्त करते आणि थांबते.