केस चालू आहे, म्हणून घर वाचले असे नाही

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



केंद्रावर येणाऱ्या बायकांकडून मी एक वाक्य वारंवार ऐकते : "माझी कोर्टात केस चालू आहे, तोवर मला कोण बाहेर काढणार?" नवऱ्याने घर तारण ठेवून हप्ते थकवलेले असतात. हिच्याकडे कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली मिळालेला निवासाचा आदेश असतो. तरी बँकेची माणसे दारात येतात. कारण तो आदेश नवऱ्याविरुद्ध, सासरच्यांविरुद्ध असतो; बँक त्या खटल्यात नसतेच.

बँक येते ती २००२ च्या सरफेसी कायद्याने. तिला आधी दावा लावावा लागत नाही. पहिली नोटीस ६० दिवसांची. त्या मुदतीत लेखी हरकत घ्या. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. पुढे बहुधा आधी कागदोपत्री ताबा, दारावर नोटीस चिकटवून. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक दंडाधिकाऱ्यांकडे जाते. तिथे आपले म्हणणे ऐकतील या भरवशावर राहू नका.

दाद मागायची ती कर्जवसुली न्यायाधिकरणात, ताब्याच्या कारवाईपासून ४५ दिवसांत. कर्जावर जिचे नाव नाही अशी बाधित बाईही तिथे जाऊ शकते. या पायरीवर ७५ टक्के रक्कम भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली मार्डिया केमिकल्सच्या निकालात रद्द केली. पण नुसत्या अर्जाने ताबा थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते. सोबत हिंसाचाराच्या खटल्यातील आदेश, घरात तिने घातलेल्या पैशांचे पुरावे आणि थोडी तरी रक्कम भरण्याची तयारी हवी.

स्थगितीने कर्ज फिटत नाही, व्याज चढतच राहते. म्हणून मिळालेला वेळ वापरायचा. बँकेशी एकरकमी तडजोडीचे बोलणे करा. लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याआधी सर्व येणे भरले तर घर सुटते. तेही जमणार नसेल तर कलम १९ खाली नवऱ्याकडून तशाच दर्जाचे दुसरे घर किंवा भाडे मागा.

आणि एक विनंती. बाई प्रथम येईल त्याच दिवशी विचारा : घर कुणाच्या नावावर आहे? तारण आहे का? तू कुठे सही केली आहेस का? घर अजून मोकळे असेल तर त्यावर बोजा चढवायला मनाई करणारा आदेश त्याच कलमाखाली मागता येतो. नोटीस आल्यावर धावण्यापेक्षा तो एक अर्ज आधी करणे केव्हाही सोपे.